पत्त्याच्या पट्टीत श्री

॥ श्री ॥
पेरांबूर, चेन्नई
रविवार, ८ जून २०२५

ती. अक्कास,
कुमुदिनीचा साष्टांग नमस्कार वि. वि.

दहा दिवसांत दुसरं पत्र आलेलं बघून तू म्हणशील, हिला झालंय तरी काय? ते सांगतेच, पण आधी तुझा गुडघा. तेल लावतेस ना? फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तुला काही ऐकू येत नाही आणि व्हॉट्सअ‍ॅपचं नाव काढलं की तू अंगावर येतेस. तेव्हा आपलं चाळीस वर्षं चाललंय तसंच चालू दे.

अक्का, मी दहावीला बसणार आहे.

हसून झालं असेल तर पुढं वाच. एप्रिलमध्ये इथल्या आपल्या मराठी मंडळात, एग्मोरला, सभासदांची नवी यादी केली. घरटी एक कागद. आमचा कागद ह्यांनी भरला. रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं हजेरीचे तक्ते लिहिलेला हात, अक्षर कसं टपोरं! स्वतःपुढं बी. कॉम. लिहिलं, उन्मेषपुढं इंजिनिअर लिहिलं आणि माझ्यापुढं, शिक्षणाच्या रकान्यात, गृहिणी. नववी पास लिहिलं असतं तरी मला चाललं असतं गं. नववी मी पास झालेच होते, वर्गात तिसरी येऊन.

लग्नात सगळ्यांदेखत ह्यांनी बाबांना शब्द दिला होता, की मद्रासला गेल्यावर हिला मॅट्रिक करीन. तू तिथंच उभी होतीस. मग सासूबाईंचं दुखणं, मग उन्मेषचा जन्म, आणि ते राहिलं ते राहिलंच. ह्यांनी पुन्हा विषय काढला नाही. मीही काढला नाही, आणि आता तर मुळीच काढणार नाही. ह्यांना पत्ता लागू न देता मी परीक्षेला बसणार. मग भरू देत तो रकाना पुन्हा.

घरबसल्या दहावी करता येते अशी मुक्त शाळा आहे. पेपर मराठीत लिहिता येतात, केंद्र इथलंच मिळतं. फक्त फॉर्म इंटरनेटवर भरायचा, आणि तोही ३१ जुलैच्या आत. उन्मेषला सांगितलं तर तो पाच मिनिटांत भरेल आणि सहाव्या मिनिटाला वडिलांना सांगेल. म्हणून स्वतःच शिकायला घेतलं. गुरू मिळाली आहे अदिती नावाची नाशिकची मुलगी. ओरगडमला मोटारींच्या कारखान्यात असते, रविवारी मंडळात येते. ती मला ब्राउझर शिकवते, मी तिला भाकरी शिकवते. तिची पहिली भाकरी आम्ही दोघींनी पाण्याबरोबर गिळली, कुणाला दाखवली नाही.

घरी उन्मेषचा जुना लॅपटॉप आहे. सकाळी हे त्यावर गाड्यांच्या वेळा आणि निवृत्तांची परिपत्रकं बघतात. संध्याकाळी पाचला हे रेल्वेच्या मैदानावर फिरायला गेले की मी बसते. अदितीनं मराठीत लिहायची सोय करून दिली आणि सांगितलं, वरच्या लांब पट्टीत जिथं जायचं तिथला पत्ता लिहायचा, की ते पान येतं. आठवडाभर मी लिहीत होते आणि शाळेचं पान काही येईना. यायची ती टी. नगरमधली साड्यांची दुकानं! मला वाटलं शाळाच बुडाली. आज अदितीनं समोर बसवून करायला लावलं तेव्हा कळलं. मी आधी श्री लिहीत होते आणि मग पत्ता. कोऱ्या जागेवर श्री लिहिल्याशिवाय माझा हात पुढं जातच नाही, त्याला मी काय करू? ते बिचारं श्री नावाची दुकानं शोधून आणत होतं. अदिती पोट धरधरून हसली. मग म्हणाली, मावशी, श्री वहीत लिहा, पट्टीत नुसता पत्ता. तसं केलं आणि पान आलं की गं! (एक मोरपंखी साडी मात्र मनात भरली आहे.)

तुझ्याकडं काम एकच. गावच्या शाळेतून माझा शाळा सोडल्याचा दाखला काढून पाठव.

आशीर्वाद पाठव. रागावायचं असेल तर दाखला टपालात टाकून मग रागाव.

तुझी,
कुमुदिनी

॥ श्री ॥
गडहिंग्लज
१७ जून २०२५

चि. सौ. नीलू हिस,
रत्नप्रभाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकिटावर कुमुदिनी लिहिते ते पोस्टमनसाठी. आत तू माझी नीलमच. तुझ्या सासरच्यांनी बदललेलं नाव माझ्या तोंडात कधी बसलं नाही आणि आता बसणारही नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, खोटं कशाला बोलू? साड्यांची दुकानं वाचून डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र हसू आलं नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीनं गावी गेले. गुडघ्याचं विचारू नकोस, तो आहे जागेवर. मुख्याध्यापिका तरुण आहे. मला ऐकू येत नाही म्हटल्यावर ती प्रत्येक प्रश्न पाटीवर लिहून दाखवत होती. जुनी रजिस्टरं काढायला दोन तास गेले. नीलम गोविंद पाटणकर, इयत्ता नववी उत्तीर्ण, वर्तणूक चांगली. शाळा सोडण्याच्या कारणापुढं एकच शब्द आहे, घरगुती.

त्या घरगुतीत आईचं अंथरूण होतं. मी सासरी होते, म्हणून तू शाळा सोडून पोळपाट धरलास. मी चार महिने येऊन राहिले असते तर तुझं वर्ष वाचलं असतं. मी आले नाही. हे तुला कधी बोलले नव्हते, आज लिहिते. तेव्हा ह्या फॉर्ममध्ये जे लागेल ते मी देईन, फक्त साड्या बघत बसू नकोस.

आता एक थोरलेपणानं सांगते. पुरुषोत्तमरावांना सांगून टाक. माणूस घुमा आहे, पण वाईट नाही. एका घरात, एका यंत्रावर, दोघांनी लपाछपी खेळायची तुमची वयं आहेत का?

दाखला सोबत आहे. पोचल्याचं लगेच कळव.

तुझी,
अक्का

॥ श्री ॥
पेरांबूर, चेन्नई
रविवार, २९ जून २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

दाखला पोचला. त्यावरून हात फिरवत किती वेळ बसले होते. आणि तू स्वतःला बोल लावून घेऊ नकोस बाई. तेव्हा तुझ्या कडेवर सहा महिन्यांचं पोर होतं. मी कधी तुझा राग धरला नाही. धरला तो एकाच माणसाचा, आणि त्याला मी सांगणार नाही. ह्याबाबतीत माझं ऐक.

अभ्यास जोरात आहे. सुरुवातीला मी एक पान उघडलं की दुसरं उघडायच्या आधी पहिलं बंद करायची. स्वयंपाकघरात एक डबा झाकल्याशिवाय दुसरा उघडू नये, अशी सासूबाईंची शिस्त. अदिती म्हणाली, अहो, वरती टॅब असतात, दहा पानं शेजारी शेजारी उघडी ठेवा, कुणी ओरडत नाही. मला हे फार आवडलं. आता मी पाच-सहा पानं उघडी टाकून खुशाल भाजी परतून येते. मागं जायचा बाण तर माझा जीव की प्राण! चुकीच्या ठिकाणी गेलं की तो दाबायचा, आपण आधी होतो तिथं. आयुष्यात इतकी सोपी गोष्ट मला कुणी दाखवली नव्हती. परवा एक पान आख्खं तमिळमध्ये आलं. बसवरच्या पाट्या वाचून वाचून जेवढी तमिळ येते तेवढ्यावर अक्षर अक्षर लावत भाषा बदलायची जागा शोधली. पासवर्ड ठेवताना अदिती म्हणाली, नवऱ्याचं नाव घालू नका, सगळ्या बायका तेच घालतात. मी म्हटलं, उखाण्याशिवाय मी ते नाव कधी घेतलेलं नाही, इथं कशाला घेऊ?

पण अक्का, घोडं अडलंय. फॉर्मात नाव लिहिलं आणि लाल अक्षरं आली. दाखल्यावर नीलम गोविंद पाटणकर, आधारवर कुमुदिनी पुरुषोत्तम राजाध्यक्ष. दोन्ही वेगळ्या बायका आहेत असं त्या फॉर्मचं म्हणणं. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले, त्याचा कागद कुणाकडं आहे? मला इतका संताप आला की लॅपटॉप मिटून मी वाल सोलत बसले. रक्ताच्या नात्यातल्या माणसानं नोटरीपुढं प्रतिज्ञापत्र करून दिलं तर चालेल, असं खाली सूचनेत आहे. आता उन्मेष सोडला तर रक्ताचं माझं तुझ्याशिवाय कोण उरलंय?

ह्यांचं फिरणं हल्ली वाढलंय. आधी सहाला घरात असायचे, आता सात वाजतात. मला वेळ मिळतो म्हणून मी गप्प, पण चहा दोनदा गरम करावा लागतो.

गुडघ्याला जप आणि ह्या धाकटीचा कंटाळा करू नकोस.

तुझी,
कुमुदिनी

॥ श्री ॥
गडहिंग्लज
९ जुलै २०२५

चि. सौ. नीलू हिस,
अनेक आशीर्वाद.

प्रतिज्ञापत्र झालं. सोबत रजिस्टरनं पाठवते आहे, सांभाळून ठेव. नोटरी भला माणूस, पण माझ्या कानांमुळं त्याला ओरडावं लागलं. नीलम आणि कुमुदिनी ही एकच बाई आहे का, असं त्यानं तीनदा गर्जून विचारलं, तोवर कोर्टाच्या आवारातली माणसं गोळा झाली. मीही तितक्याच जोरात सांगितलं की होय, एकच आहे, माझी बहीण आहे, आणि साठीला टेकली असून दहावीला बसते आहे. एका म्हाताऱ्या वकिलानं मला बसायला स्वतःची खुर्ची दिली.

कागदावर सही करताना एक मनात आलं. त्या ताटात तुझं नाव लिहिलं तेव्हा मी तुझ्या शेजारीच होते. तुला चालेल का, असं कुणी विचारलं नाही, आणि विचारावं असं मलाही सुचलं नाही. आपण सगळ्याच तशा होतो.

पुरुषोत्तमरावांना सांगितलंस का? नसशीलच. हट्टी कुठली.

फॉर्म शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस. नववीतसुद्धा निबंध आदल्या संध्याकाळी लिहायचीस. इथं पाऊस चांगला आहे, माझी काळजी नको, तुझी कळवत जा.

तुझी,
अक्का

॥ श्री ॥
पेरांबूर, चेन्नई
रविवार, २० जुलै २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं रजिस्टर आलं, आणि कुणाच्या हातात आलं म्हणतेस? ह्यांच्या! मी गच्चीवर वाळवणं काढायला गेले होते. खाली येते तर पाकीट माझ्या शिवणाच्या मशिनवर नीट ठेवलेलं, न उघडलेलं. हे फक्त एवढंच म्हणाले की अक्कांचा गुडघा कसा आहे. मी म्हटलं, बरा आहे. संपलं. ह्यांना संशय आला असता तर चेहऱ्यावर दिसलं असतं, तेव्हा सुटले असं समजते.

आज अदितीनं मंडळात बसून दाखला, प्रतिज्ञापत्र, फोटो सगळं स्कॅन करून दिलं. आता फक्त फॉर्म भरायचा आणि हे कागद त्याला जोडायचे. पण अदितीची आजी आजारी आहे, ती उद्याच्या गाडीनं नाशिकला निघाली आणि पंधरा दिवस येणार नाही. म्हणजे जे काय करायचं ते मी एकटीनं. मला भीती वाटते, अक्का. चुकीचं काही दाबलं गेलं तर पुढची संधी सहा महिन्यांनी. तेवढ्यात माझाच धीर सुटेल, आणि एकदा सुटला की मी काही पुन्हा ह्या वाटेला जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

ह्यांच्याशी हल्ली नीट बोलणं होत नाही. लपवायचं म्हटलं की दुसरंही काही बोलायला सुचत नाही, असं झालंय.

तुझा आशीर्वाद पाठीशी ठेव, ह्या वेळी खरोखर हवा आहे.

तुझी,
कुमुदिनी

॥ श्री ॥
गडहिंग्लज
२६ जुलै २०२५

चि. सौ. नीलू हिस,
आशीर्वाद.

घाईत लिहिते, पोस्टाची वेळ झाली आहे. हे पत्र पोचेपर्यंत बहुतेक तुझ्या फॉर्मचा निकाल लागलेला असेल. भिऊ नकोस. मद्रासला उतरलीस तेव्हा तुला तमिळचं एक अक्षर येत नव्हतं आणि तिसऱ्या महिन्यात भाजीवाल्याशी भांडत होतीस, हे तूच मला लिहिलं होतंस. हे यंत्र त्या भाजीवाल्यापेक्षा अवघड असणार नाही.

भरलास की त्याच दिवशी पत्र टाक. मी रोज दारात बसते आहे.

अक्का

॥ श्री ॥
पेरांबूर, चेन्नई
शनिवार, २ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,
कुमुदिनीचा साष्टांग नमस्कार वि. वि.

फॉर्म गेला! नोंदणीचा क्रमांक आला, वहीत दोन ठिकाणी लिहून ठेवला. आता नीट बस आणि सगळं सावकाश वाच, कारण फॉर्म हा ह्या पत्राचा लहान भाग आहे.

तीस तारखेला हे फिरायला गेले आणि मी बसले. वहीत श्री लिहिलं. नाव, पत्ता, विषय, सगळं भरलं. आधी सौ. कुमुदिनी लिहिलं होतं, त्यातला सौ. फॉर्मनं चालू दिला नाही, काढला. कागद जोडले. शेवटच्या पानावर आले आणि वाटलं, जन्मतारीख बरोबर पडली आहे ना, एकदा बघावं. बघायचं म्हणजे काय, माझा लाडका मागं जायचा बाण! दाबला आणि सगळं गेलं. पान पांढरं फटक. पुन्हा दाबला तर भलतंच काही. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली असती, पण शेजारच्या रंजनी मामी धावत आल्या असत्या म्हणून पदर तोंडात धरला.

अदितीला फोन लावला. आवाज तुटत होता, पण एवढं कळलं की घाबरू नका, कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा, तिथं हिस्टरी आहे, आपण ज्या ज्या पानांवर गेलो त्यांची यादी ब्राउझर आपणहून ठेवतो, त्यातून फॉर्मचं पान पुन्हा उघडा. अक्का, हे मला आजवर माहीतच नव्हतं! मी रोज पानं बंद करायची आणि समजायची की मागमूस राहिला नाही.

यादी उघडली. माझा फॉर्म सापडला, भरलेलं बरंचसं शाबूत होतं. पण त्या यादीत मी न लिहिलेलंही होतं. सगळं सकाळच्या वेळचं, मी देवळात जाते तेव्हाचं. सगळ्यात जुनं होतं ११ जूनचं, म्हणजे मी साड्यांची दुकानं उघडत होते त्याच्या नंतरच्याच आठवड्यातलं. गूगलला विचारलं होतं, साठाव्या वर्षी दहावी देता येते का. मग मुक्त शाळेला कागद कुठले लागतात. मग तीन आठवडे नुसतं बीजगणित. विसरलेलं बीजगणित पुन्हा कसं शिकावं. वर्गसमीकरणं सोप्या भाषेत. दुसऱ्याला गणित समजावून सांगण्याच्या युक्त्या. आणि १६ जुलैला, तुझं रजिस्टर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, लिहिलं होतं, बायकोची माफी कशी मागावी. सतराला पुन्हा तेच. अठराला पुन्हा. त्याच्याखाली एकही पान उघडलेलं नाही. एकोणिसापासून परत वर्गसमीकरणं.

आधी मला रागच आला. दोन महिने सगळं माहीत असून हा माणूस मला समोर बसून गुडघ्याचं विचारतो! मग रडू फुटलं, ते काही केल्या थांबेना. एकेचाळीस वर्षं मी धरून चालले होते की हे आपला शब्द विसरले. विसरले नव्हते गं. बोलायचं कसं, ते कळत नव्हतं. मलाही कुठं कळत होतं?

डोळे पुसून फॉर्म पुरा केला आणि पाठवला. मग बसल्या बसल्या त्याच खिडकीत लिहिलं, फॉर्म भरला, आता गणित कोण शिकवणार. एंटर दाबलं. गूगलनं माझ्यापुढं शिकवण्या घेणाऱ्यांची रांग लावली, ती तशीच सोडून मी लॅपटॉप मिटला. हे आले, चहा झाला, जेवण झालं.

दुसऱ्या दिवशी देवळातून आल्यावर आधी यादी उघडली. सगळ्यात वर, सात वाजून दहा मिनिटांनी लिहिलेलं होतं. मी शिकवीन. उद्यापासून सकाळी साडेसहा. चहा मी करतो. आणि गूगलनं त्याच्याखाली आल्याच्या चहाच्या वीस कृती दिल्या होत्या.

तू म्हणशील, एका घरात राहून ही कसली टपालं. असू दे. तुझीमाझी चाळीस वर्षं टपालावर गेलीच ना? मंडळाच्या यादीचं मी अजून काही बोलले नाही. बोलेन कधीतरी, ते मी सोडणार नाही.

काल पहाटे मी वही घेऊन टेबलाशी बसले. साडेसहाला स्वयंपाकघरातून भांडी पडल्याचा आवाज आला, मी उठले नाही. चहा आला. साखर दुप्पट होती. ह्यांनी आणता आणता बशीत निम्मा सांडला होता. मी बशीतला पिऊन टाकला आणि वही उघडली.

तुझा लोभ आजवर पुरला, तसाच परीक्षेलाही पुरू दे.

तुझी,
कुमुदिनी